मांजराची वाट बुजवली, वाराही अडला: संगमेश्वरातल्या एका खुराड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात राहतं. वाडीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांना इथे गुरुजी आणि काकू म्हणू. गुरुजी डोंबिवलीच्या शाळेतून निवृत्त झाले आणि दोघांनी गावचं घर उघडलं. घर पूर्वेकडे तोंड करून. मागे पश्चिमेला परसू, त्यात पोफळी, चार माड, केळी आणि उताराच्या टोकाला पावसाळी पऱ्या, म्हणजे ओढा.

काकूंचं माहेर चिपळूणकडचं. लहानपणी घरात कोंबड्या होत्या, त्यामुळे कोंबडी हातात कशी धरायची, खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कशी ओळखायची, डालग्याखाली पिल्लं कशी झाकायची हे सगळं अंगवळणी. पण तेव्हा कोंबड्या रात्री पडवीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर बसत. खुराडं बांधायची वेळ कधी आली नव्हती. गुरुजींना कोंबड्यांचा अनुभव शून्य आणि वाचनाचा उत्साह भरपूर. घरी खायला अंडी मिळावीत, चाकरमानी आले की एखादा कोंबडा घरचा असावा, उरलं तर वाडीत विकावं, एवढाच हेतू होता. धंदा करायचा नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढच्या बऱ्याच निर्णयांचा हिशेब यावरच ठरतो.

मार्चच्या सुरुवातीला त्यांनी महिनाभराची बारा गिरिराज पिल्लं घेतली. गिरिराज ही बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली, परसात पाळण्यासाठीची रंगीत जात. अंगानं भरते आणि वर्षाला साधारण 130 ते 150 अंडी देते. गावठी कोंबडी साठ-सत्तरवर थांबते. मात्र गिरिराज खुडूक बसत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून शेजारच्या वहिनींकडून दोन गावठी कोंबड्याही आणल्या, पुढेमागे अंडी उबवायला. महिनाभराची पिल्लं घेण्यात शहाणपण होतं. बल्बखाली ऊब देण्याचा सगळ्यात नाजूक काळ विकणाऱ्याकडेच सरलेला होता.

खुराडं

घराच्या मागच्या भिंतीला टेकवून सहा फूट लांब, चार फूट रुंद. खाली फूटभर उंचीचा चिऱ्यांचा चौथरा, वर मातीची जमीन शेणानं सारवलेली. पोफळ चिरून काढलेल्या पट्ट्यांचा सांगाडा. वर पत्रा, घराच्या भिंतीकडून पश्चिमेला उतरता. पश्चिमेच्या लांब बाजूला आणि दक्षिणेला षटकोनी भोकांची साधी कोंबडीजाळी, उत्तरेला फळ्या. दार प्लायवुडचं, मधोमध एक लाकडी फिरकी. आत बसायला दोन आडवे बांबू.

चौदा पक्ष्यांना चोवीस चौरस फूट पुरतात, पण दिवसा ते मोकळे फिरणार असतील तरच. मार्च-एप्रिलमध्ये फिरतही होते. सकाळी दार उघडलं की परसू त्यांचं, संध्याकाळी काकूंनी तांदळाची मूठ पत्र्यावर वाजवली की सगळे आत.

दोन गोष्टी तेव्हा कुणाच्या ध्यानात आल्या नाहीत. जाळी नेमकी नैर्ऋत्येला उघडी होती आणि कोकणात पाऊस तिकडूनच मारतो. आणि घराच्या पागोळ्या थेट खुराड्याच्या पत्र्यावर पडणार होत्या. फाल्गुनातल्या कोरड्या हवेत यातलं काही दिसत नाही.

मे महिन्यातली रात्र

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, गेल्या. दोन नाहीशा, एक खुराड्यातच अर्धी खाल्लेली. पिसं दारापासून केळीच्या बुंध्यापर्यंत सांडलेली. बाकीचे पक्षी वरच्या बांबूवर एकमेकांना चिकटून बसले होते आणि सकाळी दार उघडलं तरी खाली उतरेनात.

वाडीत एकमत झालं, मुंगूस. परसात तो रोज दिसायचा, म्हणून आरोपीही तोच ठरला. एक आजोबा तेवढे म्हणाले, "मुंगसाचं काम नाय ह्ये. मुंगूस रात्रीचा फिरतो काय?" त्यांचं बरोबर होतं. मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे. पण त्या सकाळी कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. दुसऱ्या एकानं राखण, म्हणजे जागेच्या राखणदाराचा मान, दिली नसल्याची आठवण करून दिली आणि गुरुजींनी मनावर न घेता ती दिलीही. तिसऱ्यानं फासकी, म्हणजे तारेचा फास, लावून देतो म्हणून सांगितलं.

फासकीला काकूंनी साफ नकार दिला. कोकणात डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकून मरतात, हे त्यांनी वाचलं होतं. शिवाय मुंगूस काय किंवा रानमांजर काय, दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत. हा नकार या प्रकरणातला पहिला चांगला निर्णय.

पहिला उपाय: सगळं बंद

दुसरा निर्णय तितका चांगला नव्हता. "आत शिरायला फटच ठेवायची नाही" हे गुरुजींचं सूत्र. जाळीवर बाहेरून जुने पत्रे ठोकले. दक्षिणेची बाजू निळ्या ताडपत्रीनं झाकली. फळ्यांमधल्या फटी गोणपाटानं बुजवल्या. दोन दिवस राबून सुताराशिवाय काम झालं, खर्च जवळजवळ नाही. पावसालाही हीच तयारी उपयोगी पडेल, एका दगडात दोन पक्षी, असंही वाटलं.

त्या रात्री जनावर शिरलं कुठून, हे मात्र कुणी पाहिलं नाही. जाळी कुठेही फाटलेली नव्हती. ती फाटलेली नसताना जाळीवरच पत्रे ठोकले गेले.

मृग लागायच्या आधी गुरुजींनी गेलेल्यांची भरपाई म्हणून आणखी आठ पिल्लं आणली, पुन्हा महिनाभराची, आणि त्याच संध्याकाळी मोठ्यांसोबत सोडली. आता खुराड्यात एकोणीस पक्षी झाले.

जुलै

संगमेश्वरात जुलै म्हणजे कोंबड्या दिवसचे दिवस आतच. बाहेर सोडलं तर भिजतात, न सोडलं तर एकोणीस जणांत माणशी सव्वा चौरस फूट. पागोळ्यांचं पाणी पत्र्यावर आदळून दाराशी उडायचं. खाली टाकलेला भाताचा तूस चार दिवसांत काळा पडून त्याचा थर बसायचा. काकू वरून नवीन तूस टाकायच्या. वरून कोरडं दिसे, खाली चिखल तसाच.

आधी मोठ्या पक्ष्यांचे डोळे पाणावले, दोघांना शिंका. मग नव्या पिल्लांपैकी तीन-चार पंख पाडून कोपऱ्यात उभी राहू लागली. खाणं कमी, तुरे फिके. एका सकाळी तुसावर लालसर हगवण दिसली आणि दुपारी पहिलं पिल्लू गेलं. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन.

वाडीत आता वेगळीच कुजबुज सुरू झाली, बर्ड फ्लू. भारतात हा रोग प्रथम सापडला तो 2006 च्या फेब्रुवारीत, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. त्या वेळचं पक्षी मारण्याचं सत्र लोक अजून विसरलेले नाहीत. गुरुजींना एका हितचिंतकानं सल्ला दिला की गवगवा करू नका, मेलेली पऱ्यात सोडा, पाणी नेईल.

इथे थांबून विचार करायला हवा, कारण अशा वेळी बहुतेक जण हेच करतात. मेलेला पक्षी वाहत्या पाण्यात टाकला की रोग खालच्या वाडीत पोचतो. आणि अचानक पक्षी मरू लागले तर पशुवैद्यकाला कळवणं ही नुसती सज्जनाची रीत नाही. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतचा 2009 चा केंद्रीय कायदाही तेच सांगतो. गुरुजींनी खड्डा खणून, चुना टाकून पिल्लं पुरली. तिसरं मेलेलं पिल्लू मात्र पुरलं नाही. ते प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, सोबत ताज्या हगवणीचा नमुना घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात गेले.

डॉक्टरांनी पिल्लू फाडलं. आतड्याच्या बाजूच्या दोन्ही आंधळ्या पिशव्या रक्तानं फुगलेल्या. हगवण सूक्ष्मदर्शकाखाली घातली. निदान रक्ती हगवणीचं, म्हणजे कॉक्सिडियोसिस. बर्ड फ्लू नाही, मानमोडी म्हणजे राणीखेतही नाही. मानमोडीत हगवण हिरवट असते, मान पिळवटते, पाय-पंख लुळे पडतात. त्यातलं काहीच इथे नव्हतं.

मोठे पक्षी वाचले आणि पिल्लंच का गेली, हे गुरुजींनी विचारलं. या रोगाचे सूक्ष्म परजीवी थोड्या प्रमाणात बहुतेक कोंबड्यांच्या पोटात असतातच. मोठ्यांना सवयीनं प्रतिकारशक्ती आलेली असते. ते स्वतः आजारी न पडता विष्ठेतून परजीवींची अंडी टाकत राहतात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती रोग लावण्याइतकी पिकतात. मग पिल्लू तूस उकरत टिपतं आणि एकदम मोठा डोस पोटात जातो. म्हणजे दाटीत सोडलेली कोवळी पिल्लं, ओला तूस आणि बंद हवा, तिन्ही गोष्टी त्या खुराड्यात एकत्र आल्या होत्या.

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो: "सकाळी दार उघडण्याआधी, खाली बसून, कोंबडी जिथे असते तिथे नाक नेऊन वास घेतलात का?" दुसऱ्या दिवशी गुरुजींनी घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अमोनिया. उभ्या माणसाच्या नाकाला दारातून तो जेमतेम जाणवत होता. बांबूवर रात्र काढणाऱ्या पक्ष्याच्या श्वासात मात्र तोच होता. पाणावलेले डोळे आणि शिंका त्यामुळे.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी पडवीत चर्चा झाली. शेजारच्या वहिनी, त्यांचा मुलगा, गुरुजी, काकू. मला फोनवर घेतलं होतं.

गुरुजींचं मन सगळं विकून मोकळं होण्याकडे झुकलं होतं. आखाडातली गटारी जवळ आलेली आणि तेव्हा कोंबड्याला भाव चढतो. पण डॉक्टरांनी औषध सुरू केलेलं. औषधाचा काळ आणि त्यानंतर त्यांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत पक्षी खायचा नाही, विकायचाही नाही. गटारी हातची गेली आणि हा पर्याय आपोआप मागे पडला.

दुसरा पर्याय, औषध द्यायचं आणि खुराडं आहे तसं ठेवायचं. यात खर्च कमी. पण औषध पोटातल्या परजीवीवर चालतं, तुसातल्यावर नाही. तूस ओला राहिला तर ऑगस्टमध्ये पुन्हा तेच.

वहिनींच्या मुलानं तिसरा सुचवला, चिऱ्यांचं नवं पक्कं खुराडं, वर स्लॅब. भर पावसात बांधकाम होत नाही हे एक. आणि चिऱ्याच्या भिंतीतही वारा कुठून जाणार, हा प्रश्न तसाच राहणार.

काकू म्हणाल्या, पत्रे काढून टाका, पूर्वी कुठे होते. त्यावर गुरुजी म्हणाले, "आणि जनावर आलं म्हणजे?" वाद इथे अडला. दोघांचंही खरं होतं. एकाला राखणीची काळजी, दुसरीला हवेची. दोघंही एकच पत्रा हवा की नको यावर बोलत होते. राखणीचं काम जाळी करते आणि ती हवाही देते. पावसाचं काम छपराच्या पुढे काढलेल्या झडपेचं. पत्र्याची भिंत पाऊस आणि जनावर दोन्ही अडवायला लावली होती. त्यातलं एकही काम तिनं धड केलं नाही, हवा तेवढी अडवली.

म्हणून ठरलं ते हे: चौथरा आणि सांगाडा तोच, भिंती बदलायच्या. पण त्याआधी जनावर कुठून आलं ते शोधायचं.

राखेवरचे ठसे

वहिनींनी सुचवलेली युक्ती साधी होती. चुलीतली चाळलेली राख खुराड्याभोवती, छपराखालच्या कोरड्या पट्ट्यात पातळ पसरायची. तिसऱ्या रात्री ठसे उमटले. गोल, चार बोटांचे, नखांचा मागमूस नाही. मुंगसाच्या ठशाला पाच बोटं आणि नखं दिसतात, कुत्र्याला चार बोटं पण नखं असतात. हे मांजर. गावातला बोका की रानमांजर, हे ठशांवरून सांगणं कठीण, आणि उपाय दोन्हींवर एकच असल्यानं कुणी खोलात गेलं नाही.

ठसे जाळीकडे गेलेच नव्हते. ते सरळ दाराशी गेले होते, खालच्या कोपऱ्यापाशी. गुरुजींनी फिरकी लावून तो कोपरा हातानं दाबला. पावसानं फुगलेलं प्लायवुड चार बोटं आत गेलं. फिरकी मधोमध एकच, त्यामुळे दार वर-खाली सैल. मे महिन्यातही ते असंच असणार. म्हणजे सगळ्या भिंती बुजवल्या होत्या आणि शिरण्याची वाट तेवढी उघडी राहिली होती. जुलैपर्यंत पुन्हा हल्ला झाला नाही, तो नशिबानं.

काय केलं

आजारी आणि निरोगी अशी विभागणी त्याच दिवशी केली. उरलेली पाच पिल्लं पडवीत, दोन डालग्यांखाली, कोरड्या तुसावर. सगळ्यांच्या पाण्यात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत अँप्रोलियम. एक बारीक पण महत्त्वाची सूचना डॉक्टरांनी दिली: औषध चालू असताना ब जीवनसत्त्वाचं टॉनिक पाण्यात घालू नका. हे औषध परजीवीला थायमिन, म्हणजे ब-1, मिळू न देऊन काम करतं. आपणच वरून ब-1 ओतलं तर औषधाचा जोर जातो. गुरुजींनी दुकानदाराच्या सांगण्यावरून असं टॉनिक आणून ठेवलेलं होतं, ते आठवडाभर फडताळात राहिलं. या काळातही पाचांपैकी दोन पिल्लं गेलीच. तीन तगली.

खुराड्यातला सगळा तूस खरवडून, पार सारवणापर्यंत, बाहेर काढला आणि पोफळीच्या आळ्यांत न टाकता लांब खड्ड्यात टाकला. कोंबड्या फिरतात तिथे तो खत म्हणून टाकला असता तर रोग पुन्हा चोचीशी आला असता. चुना शिंपडला, पण त्यावर भिस्त ठेवली नाही. या परजीवीची अंडी चुन्याला फारशी दाद देत नाहीत, त्यांना मारतो तो कोरडेपणा. जुलैत कोरडेपणा आणायचा कुठून? सारवलेल्या जमिनीवर दोन दिवस निखाऱ्यांची घमेली ठेवून ती वाळवली, तेवढा वेळ मोठे पक्षी वहिनींच्या रिकाम्या गोठ्यात ठेवले.

मग बदल सुरू झाले. सुतार एकच दिवस लागला, बाकी घरच्या घरी.

पश्चिमेचे पत्रे खालून दोन फुटांपर्यंतच ठेवले. पक्षी बांबूवर बसला की त्याचं अंग या आडोशाच्या वर येत होतं, म्हणून बांबू खाली आणले. बसलेल्या पक्ष्याच्या अंगावरून वाऱ्याचा झोत जाऊ नये, डोक्यावरून जावा, हा हिशेब. दोन फुटांच्या वर अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे सांधे जोडलेली चौकोनी तारजाळी, लावली. कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवायला ठीक आहे. बाहेरच्या दातांपुढे ती टिकत नाही आणि तिच्या भोकातून पंजा आत येतो.

छप्पर पश्चिमेला अडीच फूट पुढे काढलं, त्याखाली माडाच्या झापांची उतरती झडप. ताडपत्री दक्षिणेला ठेवली, पण खालून मोकळी, पाऊस मारतो तेव्हा सोडायची आणि उघडीप झाली की गुंडाळायची.

उत्तरेच्या फळ्या पूर्ण काढल्या आणि तिथे वेल्डमेश लावली. तिकडून पाऊस क्वचितच येतो. या एका बदलानं निम्मं काम केलं असं माझं मत.

घराच्या भिंतीकडे, जिथे पत्रा सर्वांत उंच होता, तिथे वीतभर फट ठेवून जाळी मारली. ही फट घराच्या वळचणीखाली येते, त्यामुळे पाऊस लागत नाही. आतली गरम, दमट हवा वर चढून इथूनच बाहेर पडते. पागोळ्यांसाठी अख्खी पोफळ उभी चिरून, कोरून पन्हळ केली आणि पाणी केळीकडे वळवलं.

दाराला वर आणि खाली दोन कड्या, त्यात आकडे. खालच्या चौकटीला पत्र्याची पट्टी. चौथऱ्याभोवती वेल्डमेशचा दीड फुटांचा पट्टा जमिनीवर आडवा अंथरून वर माती आणि चिऱ्यांचे तुकडे. उकरणारं जनावर भिंतीच्या पायथ्याशी उकरतं, तिथे जाळी लागली की थांबतं. जाळी उभी गाडण्यापेक्षा हे सोपं, खासकरून कातळावर.

तुसासाठी काकूंनी स्वतःची परीक्षा ठरवली. मूठभर तूस आवळायचा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओला, बदला. विस्कटला तर ठीक. रोज सकाळी खुरप्यानं तो वर-खाली करायचा. वरून नुसता नवा थर टाकणं बंद.

लसीचा विषय याच वेळी निघाला. दुसऱ्या खेपेच्या पिल्लांना विकणाऱ्यानं लासोटा, म्हणजे मानमोडीची लहानपणीची लस, दिल्याचं सांगितलं होतं. पण आठव्या आठवड्याच्या सुमाराची मानमोडीची आर-टू-बी लस पहिल्या खेपेलाही दिलेली नव्हती. कारण नेहमीचंच: कुपी शंभर-दोनशे डोसांची, पक्षी चौदा, आणि एकदा पातळ केलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते. एकट्यासाठी कुपी फोडणं जिवावर येतं. काकूंनी वाडीतल्या नऊ घरांत फिरून कोंबड्या मोजल्या, कुपीला पुरेल इतकी संख्या जमली, आणि पशुधन पर्यवेक्षकांनी एका सकाळी बर्फाच्या थर्मासमधून लस आणून सगळ्यांच्या पंखाखाली टोचली. आजारी पक्ष्यांना लस देत नाहीत, म्हणून गुरुजींच्या कळपाला पंधरवडा थांबून, दुसऱ्या फेरीत.

काय निष्पन्न झालं

ऑगस्टच्या मध्यापर्यंत शिंका थांबल्या. नाकाच्या परीक्षेत वास येतो, पण डोळ्यांत पाणी येत नाही. मांजर आलं, राखेवर ठसे दोनदा सापडले, एकदा दाराच्या पट्टीवर ओरखडे. आत शिरलं नाही.

पहिलं अंडं गोकुळाष्टमीच्या सुमारास मिळालं, खुराड्यात नाही तर लाकडांच्या ढिगात. अंडी घालायला खोकं ठेवलेलंच नव्हतं. मग फूट बाय फूट मापाची दोन खोकी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली आणि एकात खोटं अंडं म्हणून पांढरा गोटा. दोन-तीन दिवसांत कोंबड्यांनी जागा धरली.

पहिल्या खेपेच्या उरलेल्या नऊंत पाच कोंबडे निघाले. गटारी चुकल्यावर श्रावणात गिऱ्हाईक नाही, तेव्हा पाचही कोंबडे भाद्रपदापर्यंत खात राहिले आणि एकमेकांचे तुरे फोडत राहिले. वाडीत गौरीला तिखटा सण करणारी घरं आहेत, तिथे दोन गेले. दोन चाकरमान्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी वड्यांसोबत संपले. एक ठेवला. चार गिरिराज कोंबड्यांची दिवसाला दोन-तीन अंडी मिळतात, गावठींची अधूनमधून. घर भागतं, थोडी वहिनींकडे जातात. गुरुजींची वही सांगते की खाद्य, जाळी, सुतार आणि गेलेली पिल्लं धरली तर पहिल्या वर्षी हे अंडं बाजारातल्या गावठी अंड्याहून महाग पडलं. काकूंना ही वही दाखवलेली आवडत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पिल्लं त्याच संध्याकाळी मोठ्यांत सोडणं, हा या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय. मांजरानं तीन नेल्या, या निर्णयानं पाच. तीन-चार आठवडे वेगळी ठेवली असती, आणि वेगळी म्हणजे पडवीत डालग्याखाली, खर्च काही नाही, तर ती मोठीही झाली असती आणि काही आजार सोबत आणला असेल तर दिसलाही असता. मृगाच्या तोंडावर पिल्लं आणणं हेही टाळता आलं असतं. कोकणात नवा कळप दिवाळीनंतर आणावा, कोरडे सहा महिने हातात मिळतात.

हल्ल्यानंतर पत्रे ठोकण्याआधी एक रात्र राख पसरली असती तर मे महिन्यातच दार सापडलं असतं. दोन कड्यांत काम भागलं असतं. मला इथे गुरुजींना दोष द्यावासा वाटत नाही. अर्धी खाल्लेली तलंग समोर असताना शोध घेण्यापेक्षा ठोकाठोकी करावीशी वाटते, तेवढंच हातात असतं. पण आजोबांनी मुंगूस रात्री फिरत नाही हे सांगितलं होतं, आणि ते ऐकायला पैसे पडत नव्हते.

जागेबद्दल माझे आणि काकूंचे मतभेद आहेत. माझ्या मते खुराडं भिंतीपासून तीन फूट सोडून, लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवून बांधायला हवं होतं. म्हणजे उघड्या बाजू उत्तर-दक्षिण येतात, दुपारचं ऊन आत शिरत नाही, मागूनही वारा फिरतो आणि पागोळ्यांचा प्रश्नच येत नाही. काकू म्हणतात, भिंतीला टेकलेलं असल्यामुळे रात्री आतून आवाज ऐकू येतो आणि भर पावसात छत्रीशिवाय दारापर्यंत जाता येतं. दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

नर-मादी न निवडलेली पिल्लं स्वस्त मिळतात, पण निम्मे कोंबडे निघणार हे धरूनच घ्यावीत. अंडी हवी असतील तर तीन-साडेतीन महिन्यांच्या तलंगा घेणं महाग वाटलं तरी खाद्याचा हिशेब करता परवडतं.

एक गावठी कोंबडी कार्तिकात खुडूक बसली. तिच्याखाली गिरिराजची अकरा अंडी ठेवली आहेत. पिल्लं निघाली तर ती मोठ्यांत न सोडता ठेवायला जागा हवी, म्हणून गोठ्याच्या वळचणीला तीन फुटांचा वेगळा कप्पा बांधायचं चाललं आहे. त्याचं तोंड उत्तरेला ठेवायचं, यावर घरात एकमत आहे. दार लाकडाचं की जाळीचं, यावर अजून नाही.